ताई, त्या उलट्या बाणांसाठी थँक्यू

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं की तू विषय बदलतेस, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय. वहिनीचा एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होऊ शकतो तो व्हायरस) पॉझिटिव्ह रिपोर्ट आला तेव्हा घरातले सगळे थेट कॅन्सरवरच जाऊन पोचले होते, कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून केलेली तपासणी, नॉर्मल आली तरी, कारण डॉक्टर फक्त "वर्षाने परत टेस्ट करा" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत. का, ते कोणी सांगेचना. मग तू आलीस आणि रिपोर्टच्या पाकिटावर चार चौकोन काढलेस, निरोगी, इन्फेक्शन, प्रीकॅन्सर, कॅन्सर, आणि सगळ्यात आधी काय तर मागे, निरोगीकडे येणारे बाण! १० पैकी साधारण ९ इन्फेक्शन्स दोनेक वर्षांत आपोआप जातात हे ऐकल्यावर कुठे वहिनी नीट जेवली.

पण मला भारी वाटलं ते पुढचं. तू म्हणालीस, हाच वेग कायम धरला तर १०० जणींपैकी दोन वर्षांनी १० उरतील, चार वर्षांनी १, सहा वर्षांनी हजारात १, मग कॅन्सर व्हायला १५-२० वर्षं लागतात तेवढं टिकणारं इन्फेक्शन येणार कुठून? साधं मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे चौकोनांतून पुढेमागे जायची शक्यता मांडणारं तुझं गणित, इथेच गंडतं, बाई त्या चौकोनात काल आली की पाच वर्षांपूर्वी हे त्याच्या लक्षातच राहत नाही. म्हणून तू इन्फेक्शनच्या चौकोनाचे वर्षावर्षाचे तुकडे पाडलेस आणि प्रत्येक तुकड्याचा मागे येणारा बाण आधीच्यापेक्षा बारीक केलास. व्हायरस जितका जुना तितका चिवट, आणि तेवढ्या काळात त्याची ई६ नि ई७ प्रोटीन्स पेशीची बेसुमार वाढ रोखणारे पी५३ आणि आरबी हे ब्रेक निकामी करत बसतात. वर्षाने परत टेस्ट का, तर गेलंय की मुरलंय तेवढंच बघायला, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

धाराशिव जिल्ह्यातला तो अभ्यासही तूच सांगितलास, ३० ते ५९ वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही टेस्ट केली, २००९ साली रिझल्ट आला आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. तिशीनंतर सापडलेलं इन्फेक्शन बऱ्याचदा जुनंच असतं, म्हणून एका टेस्टमध्येही एवढं हाती लागतं. आपल्या शेजारचा जिल्हा आणि आम्हाला पत्ता नाही, कमाल आहे.

आता वहिनी तिच्या मोठ्या बहिणीच्या मागे लागलीये, ती ४२ची आहे आणि टेस्ट एकदाही केलेली नाही. तुला फोन करेल, उचल हं, आणि तिला मार्कोव्ह वगैरे नको सांगूस, पळून जाईल.