तू मॅग्नेशियम म्हणाला होतास

टिळकवाडी, बेळगाव
मंगळवार, रात्री

प्रिय दोस्ता,

चार महिने पत्र नाही की फोन नाही. माफ कर. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बरी आहे. माझंही ठीक.

परवाच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी माझ्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत चुना बसला. घरात कुणाला सांगून कळत नाही, म्हणून तुला लिहितोय.

आईसाठी दहा दिवस खानापुरात होतो. शेजारच्या पोराने रोज आरओचं पाणी इमानाने भरलं, पण डोसिंग, म्हणजे सोडा-कॅल्शियम मोजून घालणं, त्याच्या हातात द्यायला माझा जीव धजला नाही. परत येऊन बघतो तर पाण्याची क्षारता, आपला केएच, आठवरून सहावर. मागची काच गुलाबी शेवाळाच्या थराने भरलीय ना, तोच सगळा चुना ओढतो. (चुना ओढणारे दगडी प्रवाळ मी आणलेले नाहीत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला जीव घरात नको, यावर तरी आपलं कधी भांडण नव्हतं.) आणि लेदर, आपला तो मऊ प्रवाळ, मिटलेला, वाळलेल्या अळंबीसारखा. तो तसा बघितला आणि मला राहवलं नाही.

दोनशे लिटरला केएच एक अंश चढवायला सहा ग्रॅम खायचा सोडा लागतो. म्हणून बारा ग्रॅम घेतला, तव्यावर भाजला, विरघळवला आणि एका दमात ओतला. मागोमाग त्याच कोपऱ्यात कॅल्शियम क्लोराईड. दोन्हींत अंतर ठेवायचं, वाहत्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडायचं, हे मला झोपेतही पाठ आहे रे. त्या दिवशी पाळलं नाही. पाच मिनिटांत पाणी आपल्या मेसमधल्या ताकासारखं झालं. खरं तर मेसचं ताक इतकं दाट कधीच नव्हतं! हीटरवर बोट फिरवलं तर पांढरी खरखर हाताला लागली. दुसऱ्या दिवशी केएच मोजला, साडेपाच. घातलेला सोडा तर गेलाच, जाताना होता तोही घेऊन गेला.

मग तुझं बोलणं आठवलं. चोर्ल्याच्या घाटात तुझी गाडी पंक्चर झाली तेव्हा रस्त्याकडेला बसून तू म्हणत होतास, मॅग्नेशियम मोज, मॅग्नेशियम मोज. आणि मी म्हणत होतो, टाकीचं मीठ चांगलं वापरलं की ते आपोआप असतं. पार गोव्यापर्यंत भांडलो. परवा किट मागवून मोजलं, लिटरला साडेअकराशे मिलिग्रॅम. तेराशेच्या आसपास हवं. चुन्याचा कण वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या अंगाला चिकटून त्याला अडवतं. तेच कमी, त्यात भाजलेल्या सोड्याने पीएच चढवलेला, मग अडवणार कोण? तू बरोबर होतास. हे मला लिहूनच द्यायचं होतं.

आता घाई नाही. अडीचशे ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराईड पाच दिवसांत विभागून घालतोय, रोज पन्नास. सोडा न भाजता, दिवसाला तीनच ग्रॅम, म्हणजे अर्धाच अंश. रोज रात्री नळीत थेंब टाकून केएच मोजतो. निळं पाणी पिवळं होताना अजूनही लॅबमधले सर मागे उभे आहेत असं वाटतं, ब्युरेटकडे बघ, माझ्याकडे नको. क्लाऊन माशांची जोडी खातेय. झोअँथिड, ती फुलांसारखी दिसणारी जिवंत झुबकी, अर्धी उघडलीत. लेदरचीच काळजी आहे, सहा वर्षांचा आहे तो. आपण दोघांनी पिशवीतून मांडीवर धरून आणलेला, आठवतंय की?

मुलीच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींची बदली रद्द झाली का? नव्या घराची वास्तुशांत कधी, नीट कळव. आलास की कुंदा बांधून ठेवतो, या वेळी दोन किलो.

आत्ताच केएच मोजला, साडेसहा. लेदरच्या कडेला त्याचं एक बोट बाहेर आलंय, तांदळाच्या कणीएवढं. टॉर्चने तीनदा बघून आलो.

तुझाच