दहाच्या आत माणसे असलेल्या गाळ्यांतली हवा कोण मोजणार? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: छोट्या गाळ्यांतील कामगारांना होणारी रसायनांची बाधा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

धारावीत चामड्याच्या पिशव्या, पाकिटे, पट्टे आणि चपला बनवणाऱ्या गाळ्यांच्या वस्तीत माझा दवाखाना आहे. या गाळ्यांतली माणसे दिवसभर काय श्वासात घेतात हे तपासण्याची जबाबदारी आज कोणत्याही खात्यावर नाही. ती आपल्या खात्याने घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

चामड्याला अस्तर लावायचे, कडा दुमडायच्या, चपलेला तळ बसवायचा, या सगळ्याला 'सोल्युशन' लागते. रबर द्रावकात विरघळवून केलेला हा गोंद. पेस्टिंगवाल्यापुढे त्याचा डबा दिवसभर उघडा असतो. गोंद घट्ट झाला की वरून थिनर ओततात आणि ब्रश पुन्हा फिरू लागतो. द्रावक उडाल्याशिवाय गोंद पकड घेत नाही. म्हणजे डब्यात जेवढे द्रावक होते, तेवढे सगळे संध्याकाळपर्यंत गाळ्याच्या हवेत मिसळलेले असते. हे बाष्प हवेपेक्षा जड, आणि आमचा कारागीर जमिनीवर मांडी घालून बसलेला. पंखा असलाच तर छताजवळ.

काही महिन्यांपूर्वी एक कारागीर दवाखान्यात आला. चाळिशीचा, दारूचे व्यसन नाही, साखर नॉर्मल. तक्रार अशी, की चालताना चप्पल पायातून कधी निसटते ते कळत नाही, मागून कोणी हाक मारली तर समजते. बोटांनी सुई धरता येत नव्हती. त्याआधी कोणी त्याला बी-१२ ची इंजेक्शने दिली होती, कोणी मणक्याचा एक्स-रे काढायला लावला होता. 'काम काय करता' हे कोणी विचारले नव्हते. तो अनेक वर्षे पेस्टिंग करत होता आणि रात्री त्याच गाळ्याच्या माळ्यावर झोपत होता.

सोल्युशन-थिनरमध्ये सापडणाऱ्या हेक्झेन या द्रावकाने नसा अशाच जातात. शरीरात त्याचे रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होतो तो आधी लांबच्या नसांवर घाव घालतो, म्हणून सुरुवात पावलांपासून आणि बोटांपासून होते. गोंदात मिथाईल इथाईल कीटोन हे दुसरे द्रावकही असेल तर हा परिणाम आणखी तीव्र होतो. एक गोष्ट रुग्णाला समजावताना माझीच दमछाक होते: काम सोडल्यावरही पुढचे काही महिने त्रास वाढत राहू शकतो आणि मग हळूहळू उतरू लागतो. माणूस मजुरी बुडवून घरी बसतो, पाय आणखी जड होतात. 'बघा, सोल्युशनचा काही संबंध नव्हता' म्हणत तो पुन्हा डब्यापुढे जाऊन बसतो.

यात नवे असे काहीच नाही. जपानमध्ये सँडल बनवणाऱ्या कामगारांत हा आजार १९६० च्या दशकातच ओळखला गेला. बेंझिन असलेल्या गोंदावर काम करणाऱ्या इस्तंबूलच्या चर्मकामगारांमध्ये रक्ताचा कर्करोग वाढल्याचे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बेंझिनविषयीचा करार १९७१ चा आहे आणि भारताने त्याला १९९१ मध्ये मान्यता दिली. तरीही आमच्याकडे सुटा मिळणारा थिनर कोणत्या द्रावकांचा आहे आणि त्यात बेंझिन किती उरले आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मोठ्या ड्रममधून पाच लिटरच्या जुन्या कॅनमध्ये माल ओतला जातो आणि त्या कॅनवर भलत्याच कसल्या तरी तेलाचे लेबल असते. धोकादायक रसायनाच्या प्रत्येक डब्यावर आतला पदार्थ आणि त्याचे धोके लिहिलेले असावेत, हे १९८९ च्या नियमांनीच सांगितले आहे. तो नियम ड्रमपर्यंत पाळला जातो, कॅनपर्यंत येत नाही.

आता कायद्याकडे येतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि हवेतल्या रसायनांच्या कमाल मर्यादा ठरल्या. नोंद करणे बंधनकारक असलेल्या २९ रोगांची यादीही कायद्यात आहे. असा रुग्ण दिसला की डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या प्रमुखाला कळवायचे असते, न कळवल्यास दंड आहे. पण जुन्या कायद्यात ही तरतूद कारखान्यातल्या कामगारासाठी होती. मी एकदा एका सरकारी कार्यालयात अशा रुग्णाची माहिती घेऊन गेलो. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, 'डॉक्टर, पण तो कारखानाच नाही ना.' त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्याच्या हातात जो कायदा होता तोच त्याने वाचून दाखवला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांची नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची अट २० कामगारांची आहे, विजेशिवाय ४० ची. 'आस्थापना' धरली तरी किमान १० माणसे लागतात. आमच्या गल्लीतल्या गाळ्यात सहा, सात, फार तर आठ जण असतात. राज्य कामगार विम्यालाही साधारण हीच १० ची अट, त्यामुळे विम्याचे रुग्णालयही त्यांच्यासाठी नाही. शिवाय नव्या संहितेतही असलेल्या त्या २९ रोगांच्या यादीत बेंझिन आणि त्याच्या कुळातली द्रव्ये आहेत, हेक्झेन नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या यादीत हेक्झेन स्पष्टपणे लिहिलेले आहे. म्हणजे उद्या माझा रुग्ण मोठ्या कारखान्यात कामाला लागला तरी त्याच्या पायांची नोंद व्हायची नाही.

मोजमापाच्या पद्धतीतही एक मोठी फट आहे. हवेतल्या रसायनाची मर्यादा आठ तासांच्या पाळीवर काढलेली असते. उरलेले सोळा तास माणूस स्वच्छ हवेत असतो आणि शरीर तेवढ्या वेळात सावरते, असे त्यात धरलेले आहे. जो बारा तास काम करतो आणि त्याच खोलीत झोपतो, त्याला ही मर्यादा लावताच येत नाही. बायका घरी बसून बक्कल लावतात, कडा चिकटवतात, शेजारी मूल रांगत असते. त्या मुलासाठी तर कोणीच मर्यादा ठरवलेली नाही.

हा प्रश्न धारावीपुरता नाही. काळबादेवी-भुलेश्वरच्या सोन्याचांदीच्या गाळ्यांवरची धुराडी पालिकेने अलीकडच्या काळात हटवली. रहिवाशांची तक्रार रास्तच होती. पण धुराडे गेले आणि नायट्रिक ॲसिडचा पिवळट-तांबूस धूर आतच कोंडला, तर भट्टीपुढे बसलेल्या कारागिराचे काय, याची चौकशी कोणी केली? या धुराचा दगा असा, की माणूस खोकतो, बरा वाटतो, जेवून झोपतो, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरते. कॅडमियम हा विषारी धातू वापरून केलेल्या डागकामातही साधारण असेच घडते, आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. आपल्या शहरात बाहेरच्या हवेचा आकडा रोज बातम्यांत येतो. आतल्या हवेचा आकडा कोणी घेतलेलाच नाही.

इमारतींत संडास-बाथरूम धुणाऱ्या बायकांबद्दलही दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. दारावर बाटलीतून मिळणारे ॲसिड आणि ब्लीच एकत्र झाले की क्लोरीन सुटतो. बंद न्हाणीघरात तो पुरेसा आहे. खोकत, डोळे चोळत येणाऱ्या या बायकांना सोसायटीने हातमोजे दिलेले असतात आणि दोन्ही बाटल्या एकत्र ओतू नका हे सांगितलेले नसते.

आजवर अशा कामगारांसाठी जे झाले ते बहुतेक मास्क वाटपाचे कार्यक्रम. मी त्यांच्या विरोधात आहे आणि ते उघड सांगतो. कापडी किंवा साध्या सर्जिकल मास्कने धूळ थोडीफार अडते, द्रावकाचे बाष्प अजिबात अडत नाही. त्यासाठी कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, ते कार्ट्रिज वेळच्या वेळी बदलावे लागते, आणि मे महिन्यात पत्र्याखाली बारा तास तो तोंडावर ठेवून कोणी काम करून दाखवावे. फोटो निघतात, कामगाराला सुरक्षित असल्याचा भास होतो, आणि डबा उघडाच राहतो.

डब्यातला माल बदलणे हा खरा उपाय. पाण्यावर आधारलेले गोंद बाजारात आहेत. हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरले तरी नसांचा धोका बराच कमी होतो. अडचण मजुरीची आहे. पाण्याचा गोंद सुकायला वेळ घेतो, पावसाळ्यात तर फारच. कारागिराला पैसे नगावर मिळतात, त्यामुळे उशिरा सुकणारा गोंद म्हणजे त्याच्याच ताटातली भाकरी कमी. गाळ्याचा मालकही फार वेळा काल-परवापर्यंत कारागीरच होता आणि तोही तीच हवा घेतो. त्याच्यावर नुसती धाड घालून काही साधणार नाही, गाळे एका रात्रीत दुसऱ्या गल्लीत जातील. माल बनवून घेणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यांनी आणि निर्यातदारांनी गोंदाचा वाढीव खर्च दरात धरला पाहिजे. परदेशी ग्राहकाला माल पाठवताना चामड्यात कोणती रसायने चालणार नाहीत, याच्या अटी हेच लोक निमूट पाळतात. तीच शिस्त त्यांनी बनवणाऱ्याच्या बाबतीतही दाखवावी, आणि त्यासाठी त्यांना बोलावून घेण्याचे वजन फक्त आपल्याकडे आहे.

आपल्या अधिकारात काय आहे तेही सांगतो. नव्या संहितेत धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामाला, एकच कामगार असला तरी, कायदा लावण्याची सोय आहे. सामाजिक सुरक्षा संहितेतही विम्यासाठी तशीच तरतूद आहे. अधिसूचना केंद्राने काढायची आहे, पण मागणी राज्याने करायला कोणाची आडकाठी नाही. द्रावकाच्या गोंदाचे काम आणि सोन्याचांदीचे ॲसिडकाम या दोन गोष्टी महाराष्ट्राने पहिल्यांदा मागाव्यात, हेक्झेनची बाधा रोगांच्या यादीत घालण्याची शिफारसही त्यासोबत जावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने धारावी आणि काळबादेवीतल्या काही गाळ्यांत, दंडाचा धाक न दाखवता, दिवसाची आणि रात्रीचीही हवा मोजावी आणि आकडे मराठी-हिंदीत गल्लीत लावावेत. आणि सुटा थिनर-सोल्युशन विकणाऱ्या दुकानदारांना कॅनवर नाव लिहिणे सक्तीचे करावे. गाळे शेकडो आहेत, दुकाने मोजकी, त्यामुळे सुरुवात तिथून केली तर काम लवकर दिसेल.

धारावीच्या पुनर्विकासात नव्या गाळ्यांचे नकाशे तयार होतील. खालच्या पातळीवर हवा ओढून घेणारी व्यवस्था आणि राहण्याची जागा वेगळी, या दोन गोष्टी नकाशात आत्ताच आल्या तर खर्च थोडा येईल. भिंती उभ्या राहिल्यावर कोणी त्या फोडणार नाही. आपल्या खात्याचे मत नगरविकास खात्याकडे लेखी जावे, ही विनंती.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपून ठेवायला सांगितले. माझ्या रुग्णांची नोंद आज फक्त माझ्या दवाखान्याच्या वहीत आहे. नावे आणि पत्ते वगळून ती आपल्या खात्याच्या डॉक्टरांना दाखवायला मी तयार आहे, आणि हवा मोजायला पथक आले तर गाळेवाल्यांशी बोलून दारे उघडून द्यायचीही जबाबदारी घेतो. त्यासाठी आपल्या कार्यालयाने भेटीची वेळ कळवावी.

आपला विश्वासू,
धारावीतील एक डॉक्टर