बाय, फोन ठेवला त्याबद्दल

बाय,

रविवारी मी फोन ठेवला तो रागाने ठेवला, रेंज गेली नव्हती. आईने तुला रेंजचं सांगितलं असणार, ती सावरून घेते.

आज वस्तीची एसटी आहे, रात्रीचा मुक्काम गावातच. कंडक्टर मागच्या सीटवर झोपलाय, घोरतोय, आणि मी देवळाच्या पायरीवर येऊन बसलोय कारण रेंज फक्त इथे येते. मराठी टाईप करायला मला किती वेळ लागतो तुला माहितीये, त्यामुळे चुका काढू नकोस. व्हॉइस मेसेज करणार होतो पण बोलायला लागलो की मी ओरडतो, तू म्हणतेस तसं.

आधी फॉर्मचं. अधिपरिचारिका, म्हणजे सरकारी नर्सच्या भरतीचा फॉर्म मी तुला न विचारता भरला हे चुकलंच. सायबरवाल्याने विचारलं सही कुठेय, तर कपाटातल्या जुन्या फॉर्मवरची तुझी सही स्कॅन करून लावली. फोटो तो निळ्या ड्रेसमधला. तुझ्या मेलवर मेसेज जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं हॉल तिकीट आलं की सांगू, परीक्षा दिलीस तर दिलीस. सरकारी नोकरी लागली तर कुठेही टाकू देत, एक दिवस बदली करून इथे कामथ्याच्या सरकारी हॉस्पिटलला येशील, घरून डबा नेशील, एवढं सगळं मी सायबरच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ठरवून टाकलं. फी गेली ती गेली, त्याचं काही नाही.

आता तुझ्या जर्मनीच्या नोकरीचं. मी पासपोर्टबद्दल काही बोलणार नाहीये, ते झालंय बोलून.

तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं मराठी करून तू पाठवलंस ते मी तीनदा वाचलं. सुरुवातीला मदतनीस म्हणून, महिन्याला २६०० युरो, टॅक्स न् विमा कापून हातात १८०० च्या आसपास. मग तुझी डिग्री त्यांनी मान्य केली, ते कोर्स नाहीतर परीक्षा काय ते झालं, की पूर्ण नर्सचा पगार. पुण्यात तुला २४ हजार मिळतात आणि नाईटला एका सिस्टरमागे किती पेशंट असतात हे तूच सांगतेस, मी हिशोब न कळणारा माणूस नाही. पण ते जे लिहिलंय की दोन वर्षांच्या आत सोडलं तर भाषेच्या कोर्सचे पैसे परत द्यायचे, ते किती, आकडा का नाही लिहिला? आकडा लिहून घे. मेलवर घे, फोनवर नको. तू म्हणतेस त्यांनी तुझ्याकडून एक रुपया घेतला नाही, हॉस्पिटलच एजन्सीला देतं. चांगलं आहे. पण माझं डोकं असं की पैसे मागितले तरी संशय आणि नाही मागितले तरी संशय. आपल्याकडे सरकारने एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी याच्यापेक्षा जास्त घ्यायला बंदी घातलीय. तुझ्या काकाच्या, आमच्या दादाच्या वेळी असलं कोण विचारत होतं, आजीची पाटली गेली त्याच्यात.

मदतनीस म्हणजे काय ते मी आपल्या डेपोतल्या एकाला विचारलं, त्याची भाची तिकडे आहे. तो म्हणाला तिथे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं सगळं नर्सच करते, मावशी-मामा नसतात. मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चार वर्षं बीएस्सी करून, नाशिकच्या विद्यापीठाची डिग्री घेऊन, परक्यांच्या म्हाताऱ्यांची अंघोळ. हे मी रविवारी ज्या शब्दात बोललो ते शब्द आता परत लिहीत नाही. नंतर रात्री झोप येईना तेव्हा आठवलं, आजीला पॅरालिसिस झाला तेव्हा तू सेकंड इयरला होतीस, सुट्टीचे दोन महिने तू तिची अंघोळ घातलीस, आणि आजी लाजायची म्हणून तू तिच्याशी मुद्दाम सिरियलच्या गप्पा मारायचीस, पाठ चोळता चोळता, त्या सासूला शिव्या घालायचात दोघी. मी मोरीच्या बाहेर टॉवेल घेऊन उभा असायचो. तेव्हा मला ते हलकं काम वाटलं नव्हतं. माझी चूक आहे, जाऊ दे.

जर्मन भाषेच्या त्या बी टू परीक्षेचं पण मला तुझ्याशी नीट बोलायचं होतं. पहिल्या वेळी ऐकण्याच्या पेपरला ५६ पडले, पास व्हायला ६० लागतात, तेव्हा मी मनात म्हटलं चला सुटलो. तू रडत होतीस आणि मी फोनवर "होईल गं" म्हणत होतो आणि आतून मला बरं वाटत होतं. हे आईला पण माहीत नाही. दुसऱ्या वेळी ७१ आले तेव्हा मी डेपोत पेढे वाटले, ते मात्र खरे वाटले. आणि शिमग्याला घरी होतीस तेव्हा तुझा तो व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू झाला, मी पडवीत होतो, सगळं ऐकत होतो, एक अक्षर कळलं नाही. पण समोरची बाई हसली आणि तू पण हसलीस. तिच्या भाषेत तिला हसवलंस. मी जन्मभर चिपळूण-बोरिवली केलं, मला तिकडे कुणी हिंदीत रस्ता विचारला तरी घाम फुटतो.

बरं, आता ते येतंच.

दादाचं आम्ही तुम्हा पोरांना कधी नीट सांगितलं नाही, तो असताना तर नाहीच. तुम्हाला माहितीये तो कुवेतला होता आणि युद्धात परत आला, एवढंच. १९८७ ला गेला. सातवी पास, त्यामुळे पासपोर्टवर तो एमिग्रेशन चेकचा शिक्का, म्हणजे कामाला जायला सरकारची परवानगी हवी, एजंटने कसा काय पाठवला देव जाणे. उतरला त्याच दिवशी अरबाबने, म्हणजे मालकाने, पासपोर्ट काढून घेतला, कपाटात ठेवतो म्हणाला, हरवशील. तीन वर्षं तो त्या कपाटात. पत्रात दादा लिहायचा, सुट्टी मागितली की अरबाब म्हणतो पुढच्या महिन्यात.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी घुसले. अरबाब त्याच आठवड्यात सौदीला पळाला, घर बंद, कपाट आत. आम्हाला इथे काही कळत नव्हतं. गावात फोन एकच, तो पण पोस्टात. मी २२ वर्षांचा, रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून. परराष्ट्रमंत्री गुजराल तिकडे जाऊन आले ते ऐकलं, विमानं सुटली ते ऐकलं, अम्मानहून माणसं आणतायत ते ऐकलं. पण दादा त्याच्यात आहे का ते रेडिओ कशाला सांगेल? आजी रोज एक ताट जास्तीचं वाढायची आणि मग तेच स्वतः सकाळी खायची. पन्नास दिवस, बाय. मोजलेत. सरकारने १ लाख ७० हजारांच्या वर माणसं आणली त्या वेळी, एअर इंडियाने ४८८ फेऱ्या केल्या, जगात असं कुणी केलं नाही म्हणतात. मला अभिमान आहे त्याचा, एसटीवाल्याला फेऱ्यांचं मोल कळतं. पण त्या एवढ्या माणसांतला माझा एक माणूस कितव्या फेरीला आहे हे कळत नसलं की कसं होतं ते मी आता लिहू शकत नाही.

बसने बगदादवरून जॉर्डनच्या बॉर्डरला, तिथे वाळवंटात तंबूत, आणि हातात कागद नाही. त्याला कुणी विचारलं तू इंडियन कशावरून, तर हा काय सांगणार, मी चिपळूणचा? शेवटी आपल्या एम्बसीने एक कागद करून दिला त्याच्यावर आला. मुंबईला सहार विमानतळावर मी आणायला गेलो होतो. माझ्या समोरून तो पुढे निघून गेला, मी ओळखलं नाही. पुढे काही वर्षांनी युनोकडून नुकसानभरपाईचे फॉर्म निघाले, गावातल्या दोघांना मिळाली पण. दादाने फॉर्म भरला नाही. म्हणाला, कसले कागद दाखवू, मी तिथे होतो हेच माझ्याकडे कुठेय.

म्हणून मी म्हणतो पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नकोस. नको म्हणत म्हणत लिहिलंच शेवटी.

तू सांगितलंस ते मला मान्य आहे, की जर्मनी म्हणजे कुवेत नाही, तिथे मालकाला पासपोर्ट ठेवता येत नाही, तिथे आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, राहण्याच्या परमिटचं तुझं स्वतःचं कार्ड असतं. मला समजतं. समजून पण पोटात जे होतं ते होतं. तसंच २०२१ च्या पुराचं. २२ जुलैला मी कोल्हापूरला अडकलो, इथे वाशिष्ठी घरात शिरली, आई आणि तुझ्या दादूने आजीला उचलून शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं, आणि कॉटखालची पेटी राहिली. तुझी दहावी, बारावी, डिग्री, रजिस्ट्रेशन. नंतर आपण ती पानं पंख्याखाली वाळवली, तू काही बोलली नाहीस, आई मात्र अजून बोलते की पेटी आधी घ्यायला हवी होती. आजीला सोडून पेटी घेणार होती काय, वेडी. आमच्या आगारातले साहेब रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले होते, नऊ लाख, तासन् तास पावसात, पेपरात आलं होतं. मला तेव्हापासून वाटतं आपल्या घराच्या टपावर बसायला मी हवा होतो. मग रत्नागिरी बोर्डात आणि नाशिकला डुप्लिकेटसाठी किती खेपा मारल्या, आणि पुढे एसटीचा संप सुरू झाला, पगार नाही, तेव्हा तुझ्या पगारावर घर चाललं सहा महिने. ते पण मी कधी तुला बोललो नाही. बोलायला हवं होतं.

लांबतंय. डासांनी फोडून काढलंय.

तर रविवारी तू जे बोललीस. तू तीन आठवड्यांपूर्वी पासपोर्ट मागितलास, व्हिसाच्या अपॉइंटमेंटला पाहिजे म्हणून, आणि मी म्हणालो कुरियरवर विश्वास नाही. मग म्हणालो कपाटाची चावी सापडत नाही. मग म्हणालो दादू येणार आहे पुण्याला त्याच्याबरोबर देतो, आणि दादूची लोट्याला शिफ्ट बदलली हे मला आधीच माहीत होतं. आणि तू म्हणालीस, "पप्पा, मग तुमच्यात आणि काकाच्या त्या अरबाबात फरक काय?"

मी म्हणालो जायचं तर जा, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून गाडी चालवताना तेच डोक्यात. फरक आहे, हे मला शंभर वेळा सांगावंसं वाटलं. तो परका, मी बाप. तो पगार बुडवायला ठेवत होता, मी जपायला. पण दादाला पण तो जपायलाच ठेवतो म्हणाला होता ना. चावी माझ्या खिशात होती, बाय. आणि खरं सांगायचं तर मला जर्मनीची एवढी भीती नाही, तू तिकडे बरी राहशील. मला माझी भीती आहे, मला परत रेडिओला कान लावून बसायला जमणार नाही. आता व्हिडिओ कॉल आहे, साडेतीन-साडेचार तासांचाच फरक, सगळं कबूल. ती भीती तुझ्या पासपोर्टच्या जागी ठेवली मी कपाटात.

हे फार मोठं बोलल्यासारखं झालं, खोडणार होतो पण राहू दे.

जायचं की नाही तू ठरव. आत्याने आणलेल्या त्या स्थळाचं मी तिला सांगितलं, आत्ता नाही. भरतीची परीक्षा पण तुला द्यायची तर दे, नाही तर नाही. आई गणपतीचं विचारते, पहिल्या वर्षी सुट्टी मिळेल का, तिला तूच सांग, माझ्याकडून ते होणार नाही. पण तिकडे गेलीस आणि नाही जमलं तर बॉन्डच्या पैशासाठी तिथे कुढत बसू नकोस, माझा फंड निघेल पुढच्या वर्षी, तो कशाला आहे. आणि स्वेटर आपल्याकडचे काही कामाचे नाहीत म्हणे, डेपोतला तो सांगत होता, तिथेच घ्यायचे. परत उपदेश सुरू झाला, सॉरी.

शनिवारी मी रजा टाकलीय. पासपोर्ट आणि निळी फाईल घेऊन मी स्वतः येतोय, सकाळच्या चिपळूण-पुणे गाडीने, पॅसेंजर म्हणून. कुरियरने पाठवला असता पण आता एवढं तरी करू दे. पासपोर्ट आत्ता माझ्या ड्युटीच्या बॅगेत आहे, रविवारपासून तिथेच आहे, मघाशी काढून तुझा फोटो बघितला. फोटोत तू रागावल्यासारखी दिसतेस.

स्वारगेटला घ्यायला येऊ नकोस, नाईट असेल तर झोप. मला रूमचा रस्ता माहितीये. आईने आमसुलं न् कुळथाचं पीठ बांधलंय, डाळीच्या डब्यात ठेवू नकोस, वास लागतो.

आणि बाय, दोन्ही बाजूंची झेरॉक्स तुझ्याकडे असू दे आणि एक माझ्याकडे. एवढंच.

पप्पा