मधला कप्पा

मन्रोव्हिल, पिट्सबर्गजवळ
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. दीड वर्ष पत्र नाही, आणि फोन केला तरी तीन मिनिटांत ‘ठेवतो रे’. चूक माझीच. तब्येती ठीक आहेत. साखर ताब्यात, नीलाचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बस्स. या पत्राचे फोटो काढून तुझ्या सुनेच्या फोनवर पाठवतोय, कारण मला तुझं उत्तर १ तारखेच्या आत हवंय. मूळ कागद पोस्टानं सावकाश येतील.

काड्यापेटीवरचा तो मोराचा छाप आठवतो?

आठवत असणारच. चार महिने आपण एकमेकांशी बोललो नव्हतो आणि त्यानंतर आजतागायत त्या विषयावर एक शब्द काढला नाही. तुझी आठ आण्यांची उधारी, माझ्या सायकलचं वाकलेलं चाक, गणिताच्या पेपरात तू न दाखवलेलं उत्तर, सगळं शंभरदा उकरून झालं. मोर मात्र नाही. आज मीच काढतोय.

पण आधी जिमचं सांगतो. तू इथे आला होतास तेव्हा त्यानं तुला तळघरात नेऊन दोन तास बेसबॉलची कार्डं दाखवली होती. तू हळूच मला विचारलं होतंस, ‘हे सगळे एकाच माणसाचे फोटो आहेत का रे?’ आणि मी खोकल्याचं निमित्त करून वर पळालो होतो. तोच जिम. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्याला जिना चढवत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधी तो क्लीव्हलंडला लेकीकडे कायमचा जातोय. तिचं घर लहान, म्हणून कार्डं विकायची ठरली. १ तारखेला एक व्यापारी बघायला येणार आहे.

यातला त्याचा खरा जीव १९६७च्या संचात. टॉप्स कंपनीची त्या वर्षीची ६०९ कार्डं. पाच सेंटला एक पुडकं, आत पाच कार्डं आणि च्युइंगमची एक पट्टी. त्या गमाचे डाग काही कार्डांच्या हिरव्या पाठीवर अजून आहेत. सगळी कार्डं एकदम मिळायची नाहीत. उन्हाळाभर हप्त्याहप्त्यानं दुकानात यायची आणि शेवटचा, सातवा हप्ता येईस्तोवर शाळा उघडलेल्या, पोरं फुटबॉलकडे वळलेली. त्यामुळे ५३४ पासून पुढची कार्डं मुळातच कमी खपली आणि आज ती शोधताना दमछाक होते. जिम तेव्हा बारा वर्षांचा. बाप होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात. हा सोड्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून दुकानात परत करायचा, बाटलीमागे दोन सेंट. आपण मीटरगेजच्या गाडीखालून शिवकाशीच्या काड्यापेट्या वेचायचो, तसंच. बंगळूरची गाडी आली की तू पुढच्या टोकाकडून आणि मी मागच्या. तो वास मला अजून येतो, कोळशाचा आणि ओल्या गंधकाचा.

बाकीची ६०८ कार्डं त्यानं कशीबशी जमवली. राहिलं ५८१ नंबरचं. त्यावर न्यूयॉर्क मेट्सचे दोन नवखे पिचर आहेत (आपले बोलरच समज), टॉम सीव्हर आणि बिल डेनेही. सीव्हर पुढे फार मोठा झाला, एकूण ३११ सामने जिंकला, म्हणून हे कार्ड सगळ्यांना हवं. डेनेहीला कुणी ओळखत नाही. पण जिम म्हणतो, त्याला विसरू नका. मेट्सनं डेनेही आणि वर एक लाख डॉलर देऊन वॉशिंग्टनकडून गिल हॉजेस हा मॅनेजर आणला आणि त्याच हॉजेसच्या हाताखाली १९६९ साली वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं सर्वांत मोठं विजेतेपद, जिंकलं. जिम स्वतः पक्का पायरेट्सवाला, म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या संघाचा, तरी त्या डेनेहीची बाजू तो तावातावानं मांडतो. अशा माणसाशी माझी मैत्री होणारच होती.

त्यानं कार्डं नऊ कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या पानांत लावली आहेत. हिशेब कर, ५८१ येतं ६५व्या पानावर, बरोबर मधोमध. सभोवती आठ चेहरे आणि मध्ये रिकामी खिडकी. तिथे त्यानं कागदाचा कपटा ठेवला होता, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं ५८१.

२०१५ला त्याची साठी होती. मी महिनोन्‌महिने शोधून, एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेल्या कार्डांच्या बाजारात ते कार्ड विकत घेतलं आणि त्याला दिलं. बाळ्या, तो माणूस रडला. माझ्यासमोर त्यानं तो कपटा काढला, कार्ड सरकवलं आणि कपटा घडी घालून पाकिटात ठेवला. दुसऱ्या दिवशी आईच्या थडग्यावर जाऊन संच पुरा झाल्याचं सांगून आला. त्याच्या आईनं ही कार्डं कधी फेकली नव्हती. इथल्या बहुतेक आयांनी फेकली. माझ्या आईनं माझी छापांची वही बंबात घातली हे त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

आता झालं ते ऐक. १३ ऑक्टोबरला आम्ही दर वर्षीसारखे पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात गेलो. फोर्ब्स फील्ड मैदान कधीच पाडलं, पण त्याच्या बाहेरच्या भिंतीचा तुकडा विद्यापीठात उभा आहे. १९६०च्या वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना याच तारखेला झाला. दर वर्षी लोक त्या भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन पहिल्यापासून लावतात. बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी मॅझेरोस्कीचा फटका भिंतीपार जातो, पिट्सबर्ग १०–९नं जिंकतं आणि पांढऱ्या केसांची माणसं आत्ता घडल्यासारखी ओरडतात. मीही ओरडतो. जिम यंदा घडीच्या खुर्चीवर बसून होता. परतताना गाडीत म्हणाला, ‘संच पुरा आहे, आता तो जायला हरकत नाही. व्यापाऱ्यासाठी एकेका कार्डाची यादी तू करून दे. तुझ्या नजरेवर माझा विश्वास आहे.’

गुरुवारी रात्री जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून बसलो. दहापट मोठं दाखवणारं नवं भिंग घेतलंय. त्या काळच्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं शाईच्या एका ठशात, भरीव. मूळ कार्डावरून उतरवून नंतर छापलेलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची निघतात. ६५वं पान आलं. मधलं कार्ड बाहेर काढलं, भिंगाखाली धरलं. सगळी अक्षरं ठिपक्यांची. शेजारचं ५८० पाहिलं, भरीव. ५८२, भरीव. पुन्हा ५८१. रात्री दोनपर्यंत मी हेच करत होतो. त्याचे कोपरे इतके टोकदार होते तेव्हाच मला कळायला हवं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं कुठल्या तरी घरात राहिलेलं कार्ड असं कोरं राहतं का?

दहा वर्षं तो माणूस संच पुरा समजून झोपतोय आणि त्याच्या मधोमध मी दिलेलं खोटं कार्ड आहे.

नीला म्हणते, उद्या सकाळी जाऊन सांगा. मुलगा म्हणतो, बाबा, खरं आणून गुपचूप बदला. खरं एक सापडलंय, दर्जा १० पैकी २, मधून आडवी घडी पडलेली. किंमत माझ्या डिसेंबरच्या मिरजेच्या तिकिटाएवढी. तिकीट काढलं नव्हतं, तेव्हा पैसे आहेत, आणि कार्ड मी घेणारच, त्याबद्दल मला माफ कर. उरुसाला नाही, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत येतो. पण गुपचूप बदलता येणार नाही. ती घडी जिमला दहा हातांवरून दिसेल. आणि काहीच बोललो नाही तर १ तारखेला व्यापारी पहिल्या पाच मिनिटांत ते बाहेर काढून ठेवेल, जिमच्या देखत. मग उरलेल्या ६०८ कार्डांवरही तो संशय घेईल.

म्हणजे सांगायला हवं हे मला कळतंय. रोज त्याच्या दारापर्यंत जातो. काल त्यानं दुसरंच पान उघडून धरलं, ४०० नंबर, पायरेट्सचा क्लेमेंटे. टॉप्सवाले त्याच्या कार्डावर ‘बॉब’ छापत राहिले. त्याचं नाव रोबेर्तो, त्याला तेच आवडायचं, पण त्यांना सोपं हवं होतं. १९७२च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. त्या रात्री सतरा वर्षांच्या जिमनं बॉलपेननं ‘बॉब’ खोडून वर ‘रोबेर्तो’ लिहिलं. व्यापाऱ्याच्या लेखी ते कार्ड मातीमोल. जिम म्हणाला, ‘हे मी विकणार नाही. हे तू ठेव.’ मी कार्ड हातात घेतलं आणि बोलायचं ते पुन्हा गिळून परत आलो.

आता मोर. मला कावीळ झाली होती, तीन आठवडे अंथरुणात. माझ्या छापांच्या वहीत एका पानावर एकच जागा रिकामी होती. तू खिडकीतून मोराचा छाप दिलास. दोन दिवस मी तो उशाशी घेऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी औषधाच्या पेल्यात बोट बुडालं, ते मोरावरून फिरलं आणि निळा रंग बोटाला आला. तुझ्या बाबांच्या सतारींच्या भोपळ्यांवर वेलबुट्टी काढायच्या ब्रशानं तू तो रंगवला होतास. बरा झाल्यावर स्टेशनच्या पुलावर सगळ्या पोरांसमोर मी त्याचे चार तुकडे केले आणि तुला फसवा म्हणालो. तू एवढंच म्हणालास, ‘भरली असती की तुझी वही.’ नंतर तू सतारींवर किती मोर काढलेस, मी एकाकडेही नीट पाहिलं नाही.

तू जाणूनबुजून केलंस आणि मी नकळत, एवढा फरक आहे. तरी या आठवड्यात मला त्या पुलावर तूच दिसतोस, मी नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारतो, खरं सांग. माझं बोट ओलं झालं नसतं, तर तू मला कधी सांगितलं असतंस का? आणि मी कसा वागलो असतो तर तुला बरं वाटलं असतं? दुसऱ्याचं उत्तर मला जिमसाठी हवंय. पहिल्याचं माझ्यासाठी.

वहिनींचा दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू झाला का? नातवाची दहावी यंदा ना? दुकानासमोरच्या रस्त्याचं काम संपलं असेल अशी आशा. फराळ पोचला, चकल्या एक नंबर, वहिनींना सांग.

तुझा,
पक्या

ता. क. मूळ पत्रासोबत एक कार्ड ठेवतोय, १९६९चं. नाव ऑरेलिओ रॉड्रिगेझ, अँजल्सचा खेळाडू. फोटो मात्र त्यांच्या बॅटबॉयचा, म्हणजे बॅटी उचलणाऱ्या पोराचा आहे, कंपनीच्या लक्षात आलं नाही आणि तसंच छापलं गेलं. कार्ड अस्सल आहे. भिंगाखाली दोनदा पाहिलंय.