ताई, तुम्ही तो मथळा खोडलात

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं हे मी ठरवूनच टाकलं आहे. आमच्या आईच्या वाट्याला जे जे उणं आलं ते सगळं चारचौघांत आलं. मग तुमचे आभार तेवढे फोनवर हळू आवाजात कशाला मानायचे?

तुम्ही आईच्या ओव्या उतरवून घेतल्यात. हे कोणाला सांगितलं की समोरचा म्हणतो, "वा, लोकसाहित्याचं चांगलं काम झालं." झालंही असेल. मला सांगायचंय ते माझ्या आईचं काय झालं ते.

आई मुळशी खोऱ्यातली. धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी, भाताचा आणि नाचणीचा मुलूख. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा वडिलांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि परत नेलंच नाही. मी पोटात होते. भांडण नाही, बैठक नाही, काडीमोड नाही. सणाला आलीय, बाळंतपणाला आलीय, असं म्हणता म्हणता ती कायमची राहिली. मामा भला माणूस. तरी परत आलेल्या बहिणीच्या वाट्याला जे येतं ते तिला चुकलं नाही. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं, आणि लग्नघरात हळदी-कुंकवाची वेळ झाली की मागच्या पडवीत काहीतरी काम काढून बसायचं.

पहाटेचं दळण तिच्याकडं होतं. समोर मामी बसायची. गिरणी आली होती, पण ती खाली मोठ्या गावात. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीतून कोणी खाली उतरत नसे. त्यामुळं आमच्याकडं जातं इतर गावांपेक्षा पुष्कळ वर्षं जास्त फिरलं. मी शेजारीच गोधडीत पडून ऐकायची. आधी देवांची नावं घेऊन व्हायची, मग खुद्द जात्यालाच विनवणी,

जात्या इसवरा, नको मजशी जड जाऊ
बयाच्या दुधाचा, सया बघत्यात अनुभवू

आणि मग एका हातानं दाण्यांची वैरण घालत, दुसरा हात खुंट्यावर, आई सीतेकडं वळायची.

एवढ्या वनामंदी, कोण रडतं आइका
सीतेला समजावित्या, बोरीबाभळी बायका

ही ओवी काही एकट्या माझ्या आईची नाही. ती गावोगावच्या बायकांनी म्हटली आहे, शब्द थोडे इकडचे तिकडे. पण ती काय करते ते बघा. गावात सप्ताहाला महाराज रामायण सांगायचे ते राज्याभिषेकापाशी येऊन थांबायचं. आरती, प्रसाद, मंडळी घरी. जात्यावरचं रामायण तिथून पुढं सुरू व्हायचं. सीता गरोदर आहे. तिला रानात सोडून रथ माघारी गेलाय. वाल्मीकी पुढं भेटतील, पण तोवर तिच्याजवळ कोण? बोर आणि बाभूळ. काट्याची झाडं, ज्यांच्या सावलीला कोणी बसत नाही. त्या बायका होऊन तिच्याभोवती गोळा होतात आणि तिला समजावतात.

सीतेचं ते रान आमच्या वाडीच्या वरचं रान असंच मी समजत होते. शाळेत गुरुजींनी अयोध्या नकाशात कुठं लांब वर दाखवली, तरी माझा समज हलला नाही. पोरं विचारायची, तुझा बाप कुठाय? त्या प्रश्नानं मी कधी मान खाली घातली नाही, कारण माझ्या लेखी तो लव-कुशांनाही विचारलेला प्रश्न होता. आई सीतेच्या रांगेत बसलेली होती आणि मी तिच्या लेकरांच्या. हे मला कोणी समोर बसवून शिकवलं नाही. नाचणीच्या दळणाबरोबर ते रोज थोडं थोडं अंगात उतरलं. आज मी नोकरी करते, स्वतःच्या घरात राहते, कोणाच्या नजरेला नजर देताना कचरत नाही. ह्याचं मूळ कुठं आहे असं कोणी विचारलं तर मी त्या दोन ओळींकडं बोट दाखवीन.

आणि ह्याच आईनं रामनवमीचा उपास आजवर कधी मोडलेला नाही. भर दुपारी देवळात उभी राहून ती पाळण्याची दोरी ओढते, गहिवरते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच रामाला बोल लावते. आमच्या वाडीत ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. ती म्हणते, "घरचाच हाय, त्याला नाय बोलायचं तर कोनाला बोलायचं?" श्रद्धेवर मी पुष्कळ भाषणं ऐकली. एकाही वक्त्याला हे एवढं सरळ सांगता आलं नाही.

तुमच्या आधीही माणसं येऊन गेली होती, ताई. त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय तुमचे आभार पुरे होत नाहीत.

एक गृहस्थ आले. दुपारभर आईला गायला लावलं, दोनदा चहा घेतला, लिहिलेलं आणून दाखवतो म्हणाले. परत फिरकले नाहीत. पुढं त्यातल्या काही ओव्या एका पुस्तिकेत छापून आलेल्या मी पाहिल्या. खाली लिहिलं होतं 'पारंपरिक'. आईचं नाव नाही, वाडीचं नाही. बोली तर पार पुसून काढलेली, बाजारात ठेवायला मुळा धुवावा तशी.

मग तालुक्याला कसलासा महोत्सव झाला. आईला नवी नऊवारी नेसवली, प्लास्टिकच्या फुलांनी सजवलेल्या जात्यापुढं बसवलं. जात्यात दाणा नव्हता. तिनं सीतेची ओवी धरली तसा संयोजकांपैकी एकजण पुढं आला आणि माईकवर हात ठेवून म्हणाला, "आजी, वनवासाचं नको, उगाच वाद होतात. आनंदाचं काहीतरी म्हणा. दोन मिनिटं." समोर अख्खा तालुका बसलेला. आईनं भावाच्या दोन ओव्या म्हटल्या आणि उठली. घरी आल्यावर साडी घडी करून ठेवली. त्यानंतर कोणी विचारलं की एकच उत्तर, "आठवत न्हाय आता." आठवत सगळं होतं. भांडी घासताना ओठ हलायचे. पण आवाज बंद झाला होता, आणि तो बंद करणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच्या लेखी तो कार्यक्रम नीट पार पडला.

ह्या माणसांना मी वाईट म्हणत नाही. ते घाईत होते. गोष्ट त्यांना हवी होती, सांगणारी नको होती.

मग तुम्ही आलात. तुम्ही किती वेळा आलात, आईला कसं बोलतं केलंत, ह्यात मी शिरत नाही. मला एकच प्रसंग सांगायचा आहे.

ओव्या लिहून झाल्यावर तुम्ही ओसरीवर आईशेजारी बसलात आणि पहिल्या पानापासून सगळं तिला वाचून दाखवायला लागलात. पहिलं म्हणजे हेच. आजवर कोणी आईला तिचं तिलाच वाचून दाखवलं नव्हतं. पंढरीच्या ओव्या झाल्या, भावाच्या झाल्या. मग तुम्ही नव्या पानावरचा मथळा वाचलात, 'रामायण', आणि खाली सीतेच्या ओव्या. आईनं हात वर केला.

"पोरी, थांब. ह्या देवाच्यात घालू नगंस. ह्या सासुरवासात घाल."

तुम्ही विचारलंत, "पण मावशी, ह्यात राम आहे ना?"

"हाय की. पर नवरा म्हणून हाय."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता तुम्ही हसाल. शिकलेली माणसं अशा वेळी कौतुकानं हसतात आणि मग आपलंच खरं करतात. तुम्ही हसला नाहीत. जरा वेळ पानाकडं बघत बसलात. मग पेन घेतलंत आणि 'रामायण' हा शब्द आडवी रेघ मारून खोडलात. वर 'सासुरवास' लिहिलंत. आईला अक्षर ओळखत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी वही तिच्याकडं फिरवलीत, तिचं बोट धरून त्या खोडलेल्या शब्दावर ठेवलंत आणि म्हणालात, "हे गेलं, मावशी. आता वर हे आहे. बरोबर?" आईनं ते बोट रेघेवरून सावकाश फिरवलं. शाई ओली होती, थोडी बोटाला लागली. ती म्हणाली, "हां, आता बरोबर."

ताई, माझ्या आईच्या सांगण्यावरून लिहिणाऱ्याने लिहिलेलं खोडलं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. तिच्याबद्दल लिहिलेलं सगळं आजवर तिला न विचारता लिहिलं गेलं. रेशनकार्डावर तिच्या नावापुढं नवरा लागला, जो नव्हताच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं ते मामा आणि गुरुजींनी ठरवलं. ती अंगठा तेवढा उठवायची. त्या दिवशी तिनं निवाडा दिला आणि तुम्ही तो लिहून घेतलात.

तुम्ही गेल्यावर ती उभ्या वाडीला सांगत सुटली. ओव्यांचं नाही, खोडल्याचं. "म्या म्हनलं अन् तिनं खोडलं!" दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून ती मोठ्यानं गात होती. मामी हातातलं काम टाकून आली, समोर बसली आणि दुसरी ओळ तिनं उचलली. जातं केव्हाच अंगणात पडलंय, त्यावर आता कपडे वाळत असतात. पण त्या दोघी तशाच समोरासमोर बसल्या होत्या.

तेव्हापासून मी ह्या विषयावर मिळेल ते वाचते आहे. तुम्हीच सांगितलं होतंत की ह्याच आमच्या मुळशी-मावळाच्या डोंगरात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांना बरोबर घेऊन ओव्या गोळा केल्या, आणि ते काम वाढत वाढत हजाराहून जास्त गावांत आणि लाखाहून जास्त ओव्यांपर्यंत गेलं. त्यात गाणारीचं नाव असतं, गाव असतं. आमच्या वाडीपर्यंत ती माणसं पोचली असती तर आईची पंचवीस-तीस वर्षं वेगळी गेली असती, असं मनात येऊन जातं. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी त्यांची गाणी कागदावर धरून ठेवली म्हणून ती आपल्याकडं आहेत. १९५१ साली त्या गेल्या आणि पुस्तक १९५२ साली आलं. आईच्या हाताला वही तिच्या डोळ्यांदेखत लागली, हे मला केवढं मोठं वाटतं ते तुम्हाला कळेल.

आणि रावेरी. यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. तिथं सीतेचं एकटीचं देऊळ आहे, शेजारी राम नाही. तिथले लोक सांगतात की बाळंतीण सीतेनं गावात पसाभर गहू मागितला, गावानं दिला नाही, आणि तिनं शाप दिला की ह्या शिवारात गहू पिकणार नाही. शरद जोशींनी त्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं मनावर घेतलं. त्यांच्याच शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकांच्या नावावर जमीन करून द्यायला लावली होती. हे मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गव्हाचं खरंच हाय ते. बाळंतिणीला न्हाय म्हननाऱ्या गावाचं काय पिकंल?" तिला ती गोष्ट पटवून द्यावी लागली नाही. ती त्या गोष्टीत आधीपासून राहत होती.

लोक म्हणतात गोष्टींनी पोट भरत नाही. खरं आहे. पण कोणती गोष्ट कुठं थांबवायची हे कोणाच्या हातात आहे, त्यावर घराघरांत कोण खाली मान घालून वावरतं हे ठरतं. राज्याभिषेकापाशी थांबलेल्या गोष्टीत माझ्या आईला जागाच नव्हती. तिनं आणि तिच्यासारख्या बायकांनी ती पुढं ओढून आपल्यापुरती जागा केली. ती जागा तुम्ही तिला परत दिलीत असं मी म्हणणार नाही, कारण ती तिचीच होती. तिथं बसलेल्या बाईला उठवायचं नसतं एवढं तुम्हाला कळलं. हे कळणारी माणसं मला आयुष्यात फार थोडी भेटली. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा देणारे भेटतात, पैशाला मदत करणारेही भेटतात. पण आपल्याहून कमी शिकलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून आपलं लिहिलेलं निमूट खोडणारा माणूस भेटायला नशीब लागतं. अशी माणसं आहेत म्हणून कोणीतरी अजून तोंड उघडतं.

आता आईचा निरोप. भाताची झोडणी झाली की या. तिची धाकटी बहीण पौडहून राहायला येणार आहे. पंढरीच्या वाटेच्या ज्या ओव्या आईला अर्ध्याच येतात, त्यांचा उरलेला भाग मावशीकडं आहे. आणि येताना तीच वही आणा, दुसरी नको. भावाच्या ओव्यांतल्या दोन तिनं रात्री पडल्या पडल्या तपासून बघितल्यात आणि तिचं म्हणणं आहे की त्यांचाही क्रम चुकलाय.

तुमची ऋणी,
तुमच्या मावशीची लेक