लॅपटॉपच्या घरघरीबद्दल

पुणे, २० नोव्हेंबर

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, काल फोनवर "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं" असं तुम्ही तीनदा म्हणालात, ते मनातून जाईना. म्हणून लिहून पाठवतेय. हा कागद लॅपटॉपपाशीच ठेवा. तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. दुकानदार म्हणाला म्हणून नवा घ्यायचीही घाई नको. हापूसच्या पेट्यांचा हिशेब ठेवायला हा भरपूर आहे.

लॅपटॉपच्या आतल्या पंख्याची घरघर सुरू झाली की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी यादी, उघडेल. त्यातल्या 'सीपीयू' (म्हणजेच प्रोसेसर, लॅपटॉपचा मेंदू) या शब्दावर क्लिक केलंत की प्रोसेसर सर्वांत जास्त कोण खातंय ते वर येतं. तिथे 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसलं तर घाबरू नका, तो विंडोजचाच राखणदार. तुम्ही लॅपटॉप आठ-आठ दिवसांनी उघडता, त्यामुळे तपासणी, अपडेट सगळं साचतं आणि उघडल्या उघडल्या एकदम सुरू होतं. तेव्हा चार्जर लावून तो तासभर तसाच चालू ठेवा आणि बागेत फेरी मारून या. ब्राउझर वर दिसला तर उघडी राहिलेली पानं बंद करा. नाव अनोळखी असेल तर 'एंड टास्क' (म्हणजे ते जबरदस्तीने बंद) न करता मला फोटो पाठवा.

आणखी एक. तुम्ही नेमाने शट डाउन करता, पण फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप लवकर सुरू व्हावा म्हणून विंडोजमध्ये असलेली सोय) चालू असेल तर विंडोज पुरतं बंद होत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

खरी काळजी मला उष्णतेची वाटते. दिवाळीत मी लॅपटॉप उलटा करून पाहिला, तर खालच्या फटींत गोधडीचा निळा दोरा आणि धुळीचा चिकट थर होता. आपल्या खाऱ्या, दमट हवेत धूळ अशी बसते की फुंकरीने हलत नाही. त्या फटींतून हवा आत जाते. ती कोंडली की प्रोसेसर तापतो, स्वतःला जपायला वेग कमी करतो, आणि दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं रेंगाळतं. आई, पडवीतला रिकामा पाट बाबांना दे. लॅपटॉप पलंगावर न ठेवता त्या पाटावरच ठेवायचा. आणि तू विणलेलं झाकण तो पूर्ण बंद झाल्यावरच घाल, गं.

नाताळच्या सुट्टीत येतेय. येताना ब्रश आणते, पंखा मीच उघडून साफ करीन. तोवर बाबा, हिशेब वहीत लिहून ठेवा, आल्यावर दोघं मिळून चढवू.

तुमची,
बाय