तंबोऱ्याला चीर गेली

मिरज, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, चुकलंच. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर गोळीवर. ते सोड. आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला चीर गेली रे.

पाहुण्यांसाठी जागा करताना हलवला आणि उंबऱ्याला लागला. तो आवाज ऐकला आणि आधी तूच आठवलास. निम्मे पैसे तुझे. पुण्याला जाताना म्हणालास, "तुझ्याकडंच राहू दे, दर्ग्याजवळ." मला सांभाळता आला नाही.

त्यात उरसाच्या संगीत सभेची पत्रिका आली. धाकटीचं नाव आहे त्यात! अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीजवळ, त्या चिंचेखाली, पहाटेची वेळ. ललत राग गाणार म्हणते. पत्रिका देवापुढं ठेवली, वळलो, तर कोपऱ्यात तो झाकून ठेवलेला.

सतारमेकर गल्लीत नेला. कारागिरानं चिरेवर बोट फिरवलं, टिचकी मारून कान लावला. म्हणाला, सांधून देतो, पण आस, म्हणजे मागं घुमत राहणारा नाद, जरा कमी येईल. नाहीतर भोपळाच बदला, मंगळवेढ्याकडचा चांगला वाळलेला आहे. पण भोपळा बदलला की आवाज बदलला. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तू फोनवर ओरडला होतास, "म्हणजे आपल्याच तंबोऱ्याला!" नव्या भोपळ्यानं तो आपला राहील का? तीन रात्री झोप नाही. धाकटी म्हणाली, "बाबा, मोबाइलवरचा लावू." मी फार जोरात "नाही" म्हणालो. ती रडली. तेही मनाला लागून राहिलंय.

ललतला पंचम स्वर नाही म्हणून मी पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावली, तर तू निषादासाठी अडून बसलास, आठवतं? चार दिवस अबोला! मिटला तो सांगली स्टँडवर, भडंगाच्या पुडीवर. पाऊण पुडी तूच संपवलीस, आता तरी कबूल कर.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोराच्या ॲडमिशनचं कळव.

कारागीर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो म्हणालाय. सांधू की बदलू, तू सांगशील तसं. आणि उरसाला ये. धाकटीच्या मागं तंबोऱ्यावर तूच बस. तार मात्र मध्यमालाच.

तुझाच